छातीच्या फोटोतला डाग

सणासुदीच्या अंकात रोगाचा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. चकलीचा तुकडा मोडता मोडता खोकल्याची गोष्ट कोणाला रुचणार? पण आमच्या खेड्यापाड्यांतला अनुभव असा की, हा विषय निघतो तो नेमका दिवाळीतच. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरे घरी येतात आणि बापाचा सदरा अंगावर सैल झालेला त्यांना दिसतो. रोज पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना ते दिसलेले नसते. मग भाऊबीज उरकली की बापाला अकोल्याला किंवा वाशीमला नेतात, छातीचा फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने बातमी येते : "फोटोत डाग निंघाला म्हनते."

त्यानंतर घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. डाग कोणाचा, हा एकच प्रश्न सर्वांच्या मनात असतो. क्षयाचा असेल तर सहा महिन्यांचे औषध. कर्करोगाचा असेल तर पुढचा शब्द कोणी उच्चारीत नाही.

मी जऊळक्याचा मास्तर. आमच्या गावाच्या नावापुढे 'रेल्वे' हा शब्द लागतो, एवढीच गावाची जगाला ओळख. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि वर कादंबऱ्या लिहिण्याची खोड; तेव्हा वैद्यक हा काही माझा प्रांत नव्हे. परंतु एका कादंबरीत मी एक क्षयी पात्र घातले. त्याचा रोग वाचकाला खरा वाटावा म्हणून पुस्तके चाळावयास बसलो, आणि हा डाग ओळखण्यासाठी माणसाने किती शतके खर्ची घातली ते वाचून माझी कादंबरी बाजूला पडली ती आजतागायत पडलेलीच आहे. कादंबरीचे नुकसान झाले खरे, पण ते मी आनंदाने सोसले.

आपल्याकडे क्षयाचे जुने नाव राजयक्ष्मा. दक्षाने आपल्या कन्या चंद्राला दिल्या. चंद्र एकट्या रोहिणीतच रमला. मुली रडत बापाकडे आल्या आणि बापाने जावयाला शाप दिला. चंद्र दिवसेंदिवस झिजू लागला. नक्षत्रांच्या राजाला जडलेला यक्ष्मा म्हणून तो राजयक्ष्मा. ही कथा चरकसंहितेतही आली आहे. तिच्यातला 'झिजणे' हा शब्द महत्त्वाचा. खोकला, ज्वर, छातीत दुखणे, बसलेला आवाज, थुंकीतून रक्त आणि झिजत जाणारे शरीर ह्या लक्षणांवरून जुने वैद्य रोगाचे नाव ठेवीत. पण हीच लक्षणे फुप्फुसाच्या कर्करोगातही होतात! छातीच्या आत काय चालले आहे ते पाहण्याची सोयच नव्हती, तेव्हा दोन रोगांचे एकच खाते उघडले गेले ह्यात नवल नाही.

युरोपातही निराळे घडले नाही. पॅरिसमध्ये बेल नावाचा एक मोठा कष्टाळू डॉक्टर होता. त्याने शेकडो प्रेते उघडून पाहिली आणि १८१० साली क्षयावर ग्रंथ लिहिला. त्यात क्षयाचे सहा प्रकार सांगितले; त्यांतला एक प्रकार होता कर्करोगी क्षय. म्हणजे उघड्या छातीत डोळ्यांनी गाठ पाहूनसुद्धा ती क्षयाच्याच घरात बसविली. सहा वर्षांनी हा बेल स्वतः क्षयाने वारला. त्याचा मित्र लेनेक. त्यानेच १८१६ साली कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून स्टेथॉस्कोपचा शोध लावला. फुप्फुसातील कर्करोग हा क्षयापासून निराळा काढला पाहिजे अशी त्याची धारणा होती. तोही १८२६ साली क्षयानेच गेला. ज्याचा अभ्यास करावा त्यानेच उचलून न्यावे, हा ह्या रोगाचा जुना स्वभाव दिसतो.

जर्मनीत सॅक्सनी प्रांतात श्नेबर्ग म्हणून खाणींचे गाव आहे. तिथले खाणकामगार तरणेताठे असतानाच धाप लागून, खोकून खोकून मरत. सोळाव्या शतकापासून ह्या दुखण्याची नोंद आहे, आणि त्याला नाव होते 'डोंगराचा रोग'. धूळ छातीत गेली, छाती कुजली, क्षय झाला, अशी लोकांची समजूत. तीन शतके ह्या समजुतीला कोणी धक्का लावला नाही. १८७९ साली हेर्टिंग आणि हेस ह्या दोन डॉक्टरांनी मेलेल्या कामगारांची फुप्फुसे तपासली आणि हा क्षय नसून फुप्फुसात वाढलेली मारक गाठ आहे असे जाहीर केले. त्या खाणीतल्या हवेत किरणोत्सर्गी वायू होता हे पुढे विसाव्या शतकात समजले. तीनशे वर्षे बायका विधवा होत होत्या आणि रोगाचे नाव चुकीचे लिहिले जात होते, ह्या एका गोष्टीने मला पुष्कळ दिवस अस्वस्थ केले.

आता क्षयाला त्याचे स्वतःचे ओळखपत्र मिळाले ते २४ मार्च १८८२ रोजी. त्या संध्याकाळी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचे जंतू दाखविले. लगेच पुढच्या काळात झील आणि नील्सन ह्यांच्या नावाने ओळखली जाणारी रंग देण्याची रीत निघाली. थुंकी काचेवर पसरावयाची, लाल रंग द्यावयाचा, तो आम्लाने धुवावयाचा. बाकी सारे रंग सोडते, पण क्षयाचा जंतू आपला लाल रंग सोडीत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या की निकाल लागला. दीडशे वर्षे होत आली, पण खेड्यातल्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली ह्याच काड्या शोधीत आले आहेत.

परंतु ह्या साक्षीदाराची एक खोड आहे. तो 'होय' म्हणाला तर ते खरे. 'नाही' म्हणाला तर मात्र त्यावर विसंबता येत नाही. थुंकीत जंतू थोडे असले की ते दिसत नाहीत. आजच्या सगळ्या घोटाळ्याचे मूळ ह्या 'नाही'त आहे.

आणि नुसती ओळख पटून तरी काय होणार होते? आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. कॉखचा शोध तेव्हा अगदी ताजा होता. दुसऱ्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या पुण्यात क्षयाने गेल्या, एकविसाव्या वर्षी. त्यांच्या विद्येत रोगाचे नाव होते, औषध नव्हते. आमच्या विदर्भातली गोष्ट सांगावयाची तर राम गणेश गडकरी सावनेरला २३ जानेवारी १९१९ रोजी ह्याच रोगाने गेले, वय तेहतीस. मुलांना त्यांचा धडा शिकविताना मी ह्या तारखेपाशी क्षणभर थांबतो. स्ट्रेप्टोमायसिन निघावयास अजून चोवीस वर्षे होती.

तर आता फोटोकडे येऊ. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाची छाती न फाडता आत पाहता येऊ लागले. लोकांना वाटले, आता अंधार संपला. पण फोटो दाखवितो ती सावली. न्यूमोनियाची सावली असते, क्षयाची असते, पू साठल्याची असते, बुरशीच्या गोळ्याची असते, जुन्या भरलेल्या जखमेच्या वणाची असते आणि कर्करोगाचीही असते. भिंतीवर पडलेल्या सावलीवरून माणूस कोणत्या गावचा ते सांगावे, तसे हे काम. वरच्या भागात पोकळी दिसली तर क्षयाकडे मन झुकते. कडा काटेरी असलेला एकटा गोळा दिसला तर कर्करोगाकडे झुकते. पण झुकणे म्हणजे निकाल नव्हे.

ह्या संबंधात अमेरिकेतला एक प्रयोग मला फार आवडतो. १९४७ साली येरुशाल्मी आणि त्याच्या सोबत्यांनी छातीचे तेच फोटो पाच जाणत्या डॉक्टरांपुढे ठेवले. पाचांचे मत जुळेना. मग काही काळाने तेच फोटो त्याच डॉक्टरांपुढे पुन्हा ठेवले, तर पुष्कळ ठिकाणी डॉक्टरचे स्वतःशीच जुळेना! आम्हा मास्तरांना ह्यात नवे काही नाही. निबंधाचा एकच पेपर जेवणाआधी आणि जेवणानंतर तपासून पाहावा. फरक इतकाच की आमच्या चुकीने पोराचे चार गुण जातात.

मग निकाल द्यावयाचा कसा? गाठीचा तुकडाच काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा. त्याची वाट १८९७ साली मोकळी झाली. फ्रायबुर्गच्या किलियान ह्या डॉक्टराने एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेले हाड तोंडातून सरळ नळी घालून काढले. हाड काढता येते तर तुकडाही काढता येईल, हे उघड झाले. तरीही कर्करोगाकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते. न्यूयॉर्कच्या ॲडलरने १९१२ साली ह्या रोगावर पुस्तक लिहिले, तेव्हा जगभरच्या नोंदी धुंडाळून त्याला ३७४ रोगी मिळाले. एवढ्या दुर्मिळ रोगावर पुस्तक लिहावे की नाही असा त्यालाच संकोच पडला होता. सिगारेट तेव्हा नुकती कुठे घरोघर शिरत होती.

१९३३ सालची गोष्ट तर कादंबरीत शोभावी. पिट्सबर्गचे डॉक्टर जेम्स गिल्मोर, बाळंतपणे करणारे, वय ४८. ताप आला, छातीत दुखू लागले, फोटोत सावली दिसली. फुप्फुसात पू झाला आहे असे ठरले. महिने गेले तरी सावली हटेना. शेवटी नळी घालून तुकडा काढला, तो कर्करोगाचा निघाला. सेंट लुईसला एव्हार्ट्‌स ग्रॅहम नावाचे नामांकित शल्यवैद्य होते. त्यांच्याकडे ते गेले. शस्त्रक्रियेपूर्वी घरी जाऊन गिल्मोरनी दातांची कामे करून घेतली आणि स्मशानात जागाही विकत घेऊन ठेवली, असे सांगतात. दोन्ही गोष्टी एकाच फेरीत करणारा माणूस मला थोर वाटतो! ५ एप्रिल १९३३ रोजी ग्रॅहमनी छाती उघडली, तर एक भाग काढून भागेना. तेव्हा त्यांनी डावे फुप्फुस संपूर्ण काढून टाकले. असे एका बैठकीत पूर्वी कोणी यशस्वीपणे केलेले नव्हते. गिल्मोर त्यानंतर तीस वर्षे जगले. ग्रॅहमनीच पुढे १९५० साली विंडर ह्या तरुण विद्यार्थ्याबरोबर धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध दाखविला. ते स्वतः वर्षानुवर्षे सिगारेट ओढीत आले होते. १९५७ साली ते फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले, त्यांचा रोगी मात्र हयात होता.

आपल्याकडे हा तुकडा पाहण्याची विद्या रुजविणारे गृहस्थ म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले, तेव्हापासून तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे होत्या. ज्याला पॅथॉलॉजी म्हणतात, म्हणजे रोगट भागाची तपासणी, तिला हिंदुस्थानात प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव पहिले घ्यावे लागते. त्यांना पद्मभूषणही मिळाले. त्या काळी आपल्याकडे फुप्फुसाचा कर्करोग विरळा असे मानीत. त्यात तथ्यही होते. माणसे तेवढी जगतच नव्हती. पण काही कर्करोग क्षयाच्या ढिगाखाली झाकले गेले असणार, हेही उघड आहे. मोजल्यावाचून ते कळणार कसे? १९६३ साली डॉ. जस्सावाला ह्यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, भारतातली अशी पहिली. त्याच जस्सावालांनी १९७९ साली मुंबईतल्या रोग्यांवरून दाखविले की बिडी ही सिगारेटपेक्षा सौम्य नाही, उलट अधिकच घातक आहे. तेंदूची पाने आमच्याच विदर्भाच्या जंगलातली; तेव्हा हा निष्कर्ष आम्हांला परका नव्हे.

खेड्यांची मोजणी त्यानंतर झाली. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला भारतातली पहिली ग्रामीण नोंदवही उघडली. कार्यकर्ते गावोगाव हिंडत आणि गावातल्या जाणत्या माणसांना, मास्तरांना विचारीत, कोणाला बरी न होणारी जखम आहे का, कोणाचा खोकला हटत नाही का? मास्तरांच्या बातमीदारीचा असा सदुपयोग मी दुसरीकडे कुठे वाचला नाही.

क्षयाच्या बाजूला दरम्यान मोठी क्रांती झाली होती. १९५२ साली आयसोनियाझिड आले. १९५५ ते ५८ ह्या काळात फोटोची यंत्रे मोटारींत घालून देशभर पाहणी झाली, तेव्हा क्षय हा शहरी रोग नसून खेड्यांतही तितकाच आहे हे समजले. त्याच सुमारास मद्रासच्या प्रयोगाने सिद्ध केले की रोग्याला सॅनिटोरियममध्ये न ठेवता घरीच औषध दिले तरी तो बरा होतो. मिरज-पाचगणीच्या हवेचे महत्त्व एका फटक्यात उतरले. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि गोळ्या आमच्यासारख्या गावांपर्यंत पोचल्या.

पण औषध गुणकारी निघाले की त्याचा एक नवा सापळाही तयार होतो. फोटोत डाग आहे, थुंकीत जंतू नाहीत. तेव्हा आपल्या भागात क्षय पुष्कळ, गोळ्या देऊन पाहू, असे डॉक्टरला वाटते. बहुतेक वेळा ते बरोबरच ठरते. एखाद्या वेळी ठरत नाही.

आमच्या गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ होते. आम्ही सारे त्यांना आबा म्हणत असू. दिवसाला दोन कट्टे बिडी. खोकल्यातून रक्त पडले, फोटोत डाग निघाला, थुंकी स्वच्छ आली आणि क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या महिन्यात आबांना बरे वाटले. ताप गेला, चार घास जाऊ लागले. "मास्तर, लागू पडलं बरं औषीद," ते मला म्हणाले. ह्या बरे वाटण्याचे कारण मला पुढे वाचनात सापडले. गाठीने श्वासाची नळी चेपली की तिच्यामागे कफ साठतो आणि तिथे साधा संसर्ग होतो. क्षयाच्या गोळ्यांतले रिफाम्पिसिन हे औषध इतरही पुष्कळ जंतूंना मारते. म्हणजे संसर्ग ओसरतो, ताप जातो, आणि मागे गाठ स्वस्थपणे वाढत राहते. सातव्या महिन्यात आबांचा आवाज बसला. नागपूरला नेले, तुकडा काढला, आणि तोवर शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. आबा संक्रांतीपूर्वीच गेले. त्या डॉक्टरला मी दोष देत नाही. त्याच्याकडे येणारे बहुतेक डाग क्षयाचेच होते. पण दोन महिन्यांनी पुन्हा फोटो काढून तो पहिल्या फोटोशेजारी धरावयास हवा होता, एवढे मात्र म्हणावेसे वाटते.

कारण सावली एकदा पाहून कळत नाही, ती काळाबरोबर काय करते ते पाहून कळते. न्यूमोनिया तडकाफडकी येतो, औषधाने आठ-पंधरा दिवसांत माणूस उठतो. फोटोतली सावली विरावयास म्हाताऱ्या माणसाला सहा आठवडे, क्वचित अधिकही लागतात. म्हणून फोटो पुन्हा काढावयाचा. त्याच जागी न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत असेल तर नळीत काही अडले आहे का ते पाहावयाचे. क्षयात संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, दोन आठवड्यांहून लांबलेला खोकला. पन्नाशी उलटलेल्या बिडीबहाद्दराच्या खोकल्याचा जुना सूर बदलला, आवाज घोगरा झाला, बोटांची टोके फुगून नखे पोपटाच्या चोचीसारखी वळली, तर डॉक्टरचे मन कर्करोगाकडे जाते. पण नखे जुन्या संसर्गातही वळतात, आणि क्षयाच्या वणाशेजारीच कर्करोग उठलेला असाही प्रकार असतो. एकाच फुप्फुसात दोन्ही!

थुंकीच्या साक्षीदाराची 'नाही' म्हणण्याची खोड आता पुष्कळ कमी झाली आहे. जंतूचा अंश ओळखणारे यंत्र आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली त्याला मान्यता दिली आणि ते दोन तासांत सांगते. गोव्याच्या कंपनीचे ट्रूनॅट हे यंत्र तर बॅटरीवर चालते. त्याला २०२० साली मान्यता मिळाली. तेव्हा डाग दिसला की आधी थुंकीची ही तपासणी, ती निर्णायक नसेल तर सी.टी. स्कॅन, आणि तरीही संशय राहिला तर नळीने किंवा सुईने तुकडा, असा क्रम आहे.

अगदी महागडे यंत्रसुद्धा फसते, ते मी ह्याच वर्षी पाहिले. आमच्याकडच्या एका सहशिक्षकाच्या आईला शहरात सांगितले की फुप्फुसात गाठ आहे, संशय वाईट आहे. बाई माळकरी, बिडी-तंबाखूला कधी शिवलेली नाही. मग पेट स्कॅन झाला. ह्या तपासणीत साखरेसारखा एक पदार्थ टोचतात, आणि शरीरात जिथे पेशी भराभर साखर खातात ती जागा चमकते. गाठ चमकली. घरात रडारड झाली. उपचाराला पैसा हवा म्हणून दोन एकरांचा सौदा ठरला, इसारही घेतला. म्हातारी एकच म्हणत होती, "माह्यासाठी वावर कायले इकता?" परंतु क्षयाची गाठसुद्धा तशीच चमकते, आणि आपल्या देशात तर हे डॉक्टरांनी नेहमी ध्यानात ठेवावे लागते. सुईने तुकडा काढला. तो अकोल्याहून पुढे गेला, आठ दिवसांनी कागद आला. क्षय!

पोराने इसार परत केला, वर दोन शिव्या खाल्ल्या. पहिले दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. पोळ्याच्या सुमारास शेवटची गोळी झाली. ह्या हंगामात त्या वावरात सोयाबीन होते. पाऊस लांबल्यामुळे उतारा काही फारसा पडला नाही.